दोष शीलाचा नव्हे : पुण्यातील एचआयव्ही संशोधनाचा धडा



डिसेंबरचा अंक हाती पडतो तेव्हा आपल्या सर्वांचे लक्ष सहा तारखेकडे असते. चैत्यभूमीला जाणाऱ्यांची नावे, गाडीची व्यवस्था, सोबत न्यायच्या भाकऱ्या, आणायच्या पुस्तकांची यादी. त्याआधी पाच दिवस, १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिन येतो आणि आपल्या बहुतेक विहारांत तो काही न बोलताच निघून जातो. कोणी विषय काढलाच तर एक वाक्य हमखास ऐकू येते : "पंचशील पाळणाऱ्याला हा रोग होत नाही." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरुणांनी नीट वागावे एवढेच त्याला म्हणायचे असते. पण ते वाक्य चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत आपल्याच घरातल्या बायांनी मोजली आहे. ते चूक आहे हे आपल्या पुणे शहरातल्या संशोधकांनी १९९७ सालीच दाखवून दिले होते. त्या संशोधनाची आणि ते करणाऱ्यांच्या पुढच्या वाटचालीची ओळख या महिन्याच्या आरोग्यपानावर करून घेऊ.

लैंगिक आजारांची चर्चा धम्माच्या मासिकात कशाला, असे काही ज्येष्ठांना वाटेल. त्यांनी १९३४ साल आठवावे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देत असत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेले वकील होते बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण शरीराविषयी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे यात अश्लील काही नाही, ही बाजू बाबासाहेबांनी मांडली ती मांडलीच. तेव्हा या पानाला संकोच करण्याचे कारण नाही.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम आढळली ती १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते. त्यांतले काही नमुने बाधित निघाले आणि देश हादरला. पुढे ऑक्टोबर १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुण्यात, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'नारी' म्हणू लागले. अलीकडे संस्थेचे नाव बदलले आहे, पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून नारीच आहे. या आजारात बाईच्या वाट्याला काय आले हे पाहिले की ते नाव योगायोगाने का होईना, फार नेमके पडले असे मला वाटते.

त्या संस्थेत सुरुवातीच्या काळापासून काम करणाऱ्यांपैकी एक म्हणजे डॉ. रमण गंगाखेडकर. २०२० मध्ये करोनाच्या रोजच्या पत्रकार परिषदांत ते देशाला परिचित झाले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. टीव्हीवर ते दिसले म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचे जे काम आपल्या विषयाला सर्वांत जवळचे आहे ते त्याच्या तेवीस वर्षे आधीचे आहे आणि ते पुण्यातल्या गुप्तरोगांच्या बाह्यरुग्ण विभागांत, लाकडी बाकांवर बसलेल्या बायकांशी बोलून झालेले आहे.

त्या काळी सर्वत्र एकच समज होती. एड्स हा 'त्या' बायकांचा, ट्रक ड्रायव्हरांचा, व्यसनी लोकांचा रोग. सरकारी फलकही तसेच रंगवलेले असत. संसाराला लागलेल्या, नवऱ्याशिवाय कोणाला न ओळखणाऱ्या बाईला धोका आहे असे कोणी म्हणत नव्हते, म्हणून तिला तपासतही नव्हते. जिला तपासायचेच नाही तिच्यात रोग सापडणार कसा? आणि सापडत नाही म्हणून धोका नाही, असे गृहीत धरायचे. विज्ञानात अशा गोल फिरणाऱ्या समजुती पुष्कळ असतात. त्या मोडण्यासाठी कोणीतरी मोजायला बसावे लागते.

मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांना, समुपदेशन करून आणि संमती घेऊन, या अभ्यासात सहभागी करण्यात आले. त्यांपैकी ५२५ देहविक्रय करणाऱ्या होत्या, ३९१ नव्हत्या. पहिल्या गटात ४९.९ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती, म्हणजे निम्म्या. हे भयंकर होते, पण अनपेक्षित नव्हते. दुसऱ्या गटात हे प्रमाण १३.६ टक्के निघाले. दर सात बायकांमागे जवळजवळ एक. या दुसऱ्या गटात बहुतांश लग्न झालेल्या आणि एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या स्त्रिया होत्या. त्यांच्या बाबतीत ठळकपणे पुढे आलेला धोका कोणता? जोडीदाराला गुप्तरोग असणे. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. पहिले नाव गंगाखेडकरांचे. सोबत डॉ. संजय मेहेंदळे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट बोलिंजर आणि इतर सहकारी. निबंधाचे शीर्षकच भारतातील विवाहित, एकनिष्ठ स्त्रियांमध्ये एचआयव्हीचा प्रसार, अशा अर्थाचे होते.

आता हा आकडा कसा वाचायचा तेही शिकून घेऊ, कारण आकडा चुकीचा वाचला तर तो अफवेसारखाच घातक ठरतो. १३.६ टक्के याचा अर्थ पुण्यातल्या सर्व विवाहित स्त्रियांपैकी तेवढ्या बाधित होत्या असा मुळीच नाही. या स्त्रिया काही तक्रार घेऊन गुप्तरोग दवाखान्यात आलेल्या होत्या. सर्वसाधारण लोकसंख्येत प्रमाण याहून पुष्कळच कमी होते. अभ्यासाने दाखवले ते एवढे, की जिला धोकाच नाही असे आपण मानले तिच्यापर्यंत विषाणू पोचला आहे, आणि पोचला तो तिच्या वागण्यातून नव्हे.

आणखी एक शब्द समजून घ्यावा. एखाद्या दिवशी किती लोक बाधित आहेत हे मोजणे वेगळे, आणि आज निरोगी असलेल्यांपैकी वर्षभरात किती जणांना नव्याने लागण होते हे मोजणे वेगळे. पहिल्याला एकदाच रक्त घेऊन भागते. दुसऱ्यासाठी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा बोलवावे लागते, महिनोन्महिने. पुण्याच्या गटाने हे दुसरे कामही केले. मेहेंदळे आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या निरोगी लोकांत वर्षाला शंभरामागे सुमारे दहा नव्या लागणी दिसल्या, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत सुमारे सव्वीस. ज्या बाईला तुम्ही तपासून "सध्या काही नाही" म्हणून घरी पाठवता, तीच सहा महिन्यांनी बाधित होऊन समोर बसते. हे पाहत राहणे संशोधकाच्याही जिवाला सोपे नसणार. त्या प्रत्येक भेटीत निरोध, समुपदेशन, गुप्तरोगाचा उपचार हे सर्व दिले जात होते. तरीही लागण होत होती, कारण निरोध वापरायचा की नाही हे ठरवण्याची सत्ता त्या बाईच्या हाती नव्हती. बुधवार पेठेतल्या बाईच्याही नाही आणि येरवड्यातल्या किंवा दापोडीतल्या गृहिणीच्याही नाही.

इथे आपल्या समाजाने जरा थांबून विचार करावा. देवदासी, मुरळी, जोगतीण या प्रथांतून पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत कोणाच्या लेकी आल्या? प्रामुख्याने दलित घरांतल्याच. देवाच्या नावाने सोडल्या, शहरात विकल्या गेल्या. त्यांचा निम्मा गट बाधित निघाला तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना रोगाचे 'उगमस्थान' म्हटले. आम्रपालीच्या घरचे भोजन तथागतांनी स्वीकारले, आणि लिच्छवी राजपुत्रांचे आमंत्रण त्यासाठी बाजूला ठेवले, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. बुधवार पेठेतल्या बाईविषयी बोलताना ती आपल्याला आठवत नाही.

आणि घरातली बाई? नव्वदच्या दशकात असे कितीतरी घरांत घडले : तरुण नवरा खंगून गेला, आजाराचे नाव कोणी घेतले नाही, दीड-दोन वर्षांत सून आजारी पडली. तिची तपासणी झाली तेव्हा कागदावर तिचे नाव आले, नवऱ्याचे कधी आलेच नव्हते. मग तिनेच रोग आणला. सासरचे दार बंद, माहेरी भावाच्या घरात वेगळे ताट. अशा बाईसमोर उभे राहून "शील पाळणाऱ्याला होत नाही" असे म्हणणे म्हणजे तिच्यावर दुसरा खटला चालवणे. भगवंतांनी कार्यकारणाची जी शिकवण दिली ती चारित्र्याचा निवाडा करायला दिलेली नाही. हे असले तर ते होते, हे नसले तर ते होत नाही. विषाणू, जोडीदाराची उपचार न झालेली लागण, निरोध न वापरलेला संबंध, ही झाली कारणे. त्यांत त्या बाईच्या मनाची शुद्धता कुठे बसते? तिसरे शील मोलाचे आहे, ते पाळावे. पण ते नवऱ्याने पाळले नाही तर बायकोच्या शीलाने तिचे रक्षण होत नाही, एवढे तरी आपण स्पष्ट बोलावे.

संशोधकाची कारकीर्द एका निबंधावर थांबत नाही. कारण कळले, पुढचा प्रश्न उभा राहतो : मग थांबवायचे कसे? नारीत पुढची पंधरा वर्षे या प्रश्नाची वेगवेगळी दारे ठोठावण्यात गेली. काही उघडली नाहीत. फेब्रुवारी २००५ मध्ये, डॉ. रमेश परांजपे संचालक असताना, भारतातली पहिली एचआयव्ही लसीची मानवी चाचणी पुण्यातच सुरू झाली. निरोगी तरुण स्वयंसेवकांनी दंड पुढे केले. लस सुरक्षित ठरली, पण शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती काही निर्माण झाली नाही. आजही एचआयव्हीवर लस नाही. हे अपयश म्हणून लपवले गेले नाही, प्रसिद्ध केले गेले. आपल्या मुलांना विज्ञान शिकवताना हाही भाग शिकवायला हवा, नाहीतर प्रयोग म्हणजे दरवेळी यशच अशी त्यांची समजूत होते.

ससूनशी संलग्न असलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने आईकडून बाळाला होणारी लागण हाती घेतली. इथिओपिया आणि युगांडासोबत झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंगावर पिणाऱ्या बाळांना नेव्हिरापिन हे औषध जन्मल्यावर एकदाच देण्याऐवजी सहा आठवडे दिले. सहाव्या आठवड्याला लागणीचे प्रमाण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. सहाव्या महिन्यापर्यंत मात्र हा फरक बराचसा पुसट झाला. म्हणजे दूध चालू आहे तोवर संरक्षणही चालू हवे. आज त्याचेच सोपे रूप झाले आहे : आईलाच कायमचे औषध सुरू करायचे.

आणि मग ते मोठे दार उघडले. एक जोडीदार बाधित, दुसरा नाही, अशी १,७६३ जोडपी नऊ देशांतून निवडण्यात आली. भारतातून पुणे आणि चेन्नई. या अभ्यासाला एचपीटीएन ०५२ म्हणतात. प्रश्न असा : बाधित व्यक्तीला लवकर औषधे दिली तर जोडीदार वाचतो का? त्या वेळी सीडी-४ पेशी बऱ्याच खाली आल्याशिवाय औषध सुरू करण्याची पद्धत नव्हती. म्हणून पेशी ३५० ते ५५० असलेल्या लोकांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला औषध लगेच, दुसऱ्याला पेशी आणखी घसरल्यावर. निरोध आणि समुपदेशन दोघांनाही. तटस्थ तज्ज्ञांची एक समिती मधूनमधून आकडे पाहत होती. २०११ मध्ये तिने सांगितले की आता थांबून वाट पाहण्यात अर्थ नाही, निकाल जगाला सांगा. बाधित जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होत्या, लवकर औषध मिळालेल्या गटात फक्त एक. धोका ९६ टक्क्यांनी कमी. दुसऱ्या गटालाही मग औषधे देऊ करण्यात आली. त्या निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या डॉ. शीला गोडबोले आणि डॉ. मेहेंदळे यांची नावे आहेत.

१९९७ च्या निबंधात जी बाई बाकावर बसली होती, तिच्यासाठी हे उत्तर होते. तिने काय करायचे हा प्रश्न कधी नव्हताच, नवऱ्याचे निदान वेळेवर होऊन त्याच्यावर उपचार व्हायला हवे होते. ज्या पुणेकर जोडप्यांनी वर्षानुवर्षे ठरल्या दिवशी येऊन रक्त दिले, त्यांची नावे कुठे छापली जात नाहीत आणि छापूही नयेत. पण हे ज्ञान त्यांच्या रक्तातून आले आहे.

आता आजची परिस्थिती. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधोपचार सुरू केला. २०१७ पासून नियम असा, की पेशी किती हे न पाहता, निदान होताच औषध सुरू करायचे. बहुतेकांना दिवसातून एकच गोळी. रोज, न चुकता, आयुष्यभर. औषध नीट घेतले तर साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत तो मोजण्याइतकाही दिसत नाही. आणि ही स्थिती टिकून असेल तोवर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण आपल्या वस्तीत ते फार थोड्यांनी ऐकले आहे. मात्र त्याची खात्री 'व्हायरल लोड' तपासणीनेच करायची, अंदाजाने नाही. गोळ्या मध्येच सोडल्या तर विषाणू परत वर येतो.

देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांत संख्येने महाराष्ट्र सर्वांत वर आहे. तेव्हा हा विषय जुना झाला असे समजू नये. तपासणी सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत मोफत होते. आधी समुपदेशक बोलतो, संमती घेतो, निकाल गुप्त ठेवतो. धोक्याचा प्रसंग अगदी अलीकडचा असेल तर पहिला निकाल 'नाही' आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. पुण्याच्या जुन्या अभ्यासांत लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत काहींना ताप, सांधेदुखी, रात्रीचा घाम अशा तक्रारी आढळल्या होत्या. असा ताप शंभर कारणांनी येतो, त्यामुळे त्यावरून कोणी घाबरून जाऊ नये, पण धोका झालेला असेल तर लक्षण गेले म्हणून निश्चिंतही होऊ नये. सुई टोचणे किंवा जबरदस्ती असा प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, सरकारी रुग्णालय गाठावे. २८ दिवसांच्या औषधाने लागण टाळता येते. सफाई काम करणाऱ्या, कचऱ्यात हात घालावा लागणाऱ्या, रुग्णालयात आया किंवा वॉर्डबॉय असणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सुई टोचली की वरिष्ठ काय म्हणतील या भीतीने गप्प बसू नये.

बाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तेव्हा ती तपासणी वेळोवेळी करून घ्यावी. क्षयरोगाचेही तसेच. दोन आठवड्यांहून अधिक खोकला अंगावर काढू नये.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करणे, किंवा संमतीशिवाय कोणाची बाधा जाहीर करणे, हा त्या कायद्याचा भंग आहे. राहत्या घरातून बाहेर काढण्याविरुद्धही त्यात तरतूद आहे. विहार समितीच्या बैठकीत "अमक्याच्या सुनेला तसला आजार आहे म्हणे" असे बोलणाऱ्याला हे शांतपणे सांगावे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येते, नाव सांगावे लागत नाही.

अंगाखालची घाण साफ करायलाही कोणी नाही, अशा आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले होते. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे दुर्लक्ष का केले, असे विचारल्यावर उत्तर आले की तो आता कोणाच्या कामाचा राहिला नव्हता. त्या भिक्खूला हा आजार कशाने झाला, त्याने कोणते शील मोडले, असे भगवंतांनी विचारल्याचे त्या कथेत कुठे नाही.

आपल्या वस्तीतली बारावी शास्त्र झालेली बरीच मुले-मुली डॉक्टरकीचा प्रवेश हुकला की खचतात. त्यांना सांगण्यासारखे एक आहे. वरच्या प्रत्येक अभ्यासात डॉक्टर थोडे होते. परिचारिका, समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, समाजशास्त्राचे पदवीधर, संख्याशास्त्र शिकलेले आणि वस्तीत फिरणारे कार्यकर्ते पुष्कळ होते. बाकावर बसलेल्या बाईशी तिच्या बोलीत बोलून तिची संमती घेणारी व्यक्ती चुकली, तर पुढचे सगळे आकडे चुकतात. समाजकार्य, परिचर्या, सूक्ष्मजीवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य या शाखांचे शिक्षण पुण्यात उपलब्ध आहे. यंदा १ डिसेंबरला विहारात तासभर मिळाला तर जवळच्या आयसीटीसीच्या समुपदेशकाला बोलवावे. त्यांना यायला आवडते, आणि पुरुषांना पुढच्या रांगेत बसवावे.